हेडलाईट लागत नाही? बल्ब बदलण्याआधी जोड तपासा

माझ्या टेबलाच्या खणात मोटारसायकलच्या हेडलाईटचे दोन बल्ब आहेत. एचएस-१ जातीचे, १२ व्होल्ट, ३५/३५ वॅट. दोन्ही धड आहेत. ‘उडालेत’ म्हणून एका पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या अंतरानं मी ते बदलून घेतले होते, आणि दोन्ही वेळा नवा बल्ब घातल्यावर लाईट लागलीही होती. तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा मी जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या वाटेवर होतो. रात्रीचे साडेदहा, आषाढातला पाऊस, दोन्ही बाजूंना जंगल. गोव्याहून बेळगावला निघालेली एक बस आली, तिच्या मागच्या दिव्यांच्या आधारानं गाडी वळवून परत जांबोटी गाठली.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या वायरिंगवाल्या मामांनी गाडी बघितली. त्यांनी बल्बला हातसुद्धा लावला नाही. हँडल डावीकडं वळवलं, उजवीकडं वळवलं, आणि म्हणाले, “बल्बला काय झालं नाही रे. करंट वाटेत अडकूलालाय.” स्टिअरिंगच्या मानेपाशी एक वायर आतून तुटलेली होती. वरचं प्लास्टिक अखंड, आतली दोन टोकं एकमेकांना नुसती टेकलेली, मध्ये हिरवा गंज. बल्ब बदलताना हात लागून वायर हलायची, टोकं पुन्हा टेकायची आणि लाईट लागायची. मला वाटायचं, नवा बल्ब घातला म्हणून लागली.

तेव्हापासून घरच्या आणि शेजारपाजारच्या बऱ्याच गाड्यांच्या लाईट मी स्वतः बघितल्या. त्यातून जे कळलं ते नवशिक्यांसाठी इथं लिहितोय. आपल्या भागात हे प्रत्येक गाडीवाल्याला यायला हवं असं मला मनापासून वाटतं. खानापूरच्या पश्चिमेला पावसाचं आणि धुक्याचं राज्य. तिथं रस्त्यात गवा उभा असला तर तो काळोखाचाच भाग वाटतो. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडं ऊसतोडीच्या हंगामात मागं एकही दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. अशा रस्त्यावर निम्म्या उजेडाची हेडलाईट घेऊन जाणं म्हणजे जीव टांगणीला लावणं.

आधी ओळखा, तुमची हेडलाईट एसीवर चालते की डीसीवर

हे माहीत नसेल तर पुढची सगळी तपासणी चुकते, म्हणून इथं थोडा वेळ घालवा. जुन्या बऱ्याच मोटारसायकलींत हेडलाईटला करंट बॅटरीतून मिळत नाही. इंजिनाच्या मॅग्नेटमधल्या कॉइलमधून निघणारा एसी करंट रेग्युलेटरमार्गे, म्हणजे व्होल्टेज आवरणाऱ्या डबीतून, थेट हेडलाईटला जातो. इंजिन बंद तर हेडलाईट बंद. अशा गाडीवर नुसती किल्ली फिरवून ‘करंटच येत नाही’ म्हणणारे मी पाहिलेत. करंट यायचाच नसतो तिथं.

किल्ली चालू करा, इंजिन सुरू करू नका, हेडलाईटचं बटण दाबा. लागली तर डीसी. नाही लागली पण हॉर्न वाजतोय, इंडिकेटर चालतोय, तर इंजिन सुरू करून बघा. अॅक्सिलरेटर सोडल्यावर उजेड पिवळट होऊन बसतो आणि पिळल्यावर पांढरा होतो, असं असेल तर बहुधा एसी. एक अडचण आहे. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाईट बंद करायचं बटणच नसतं. इंजिन सुरू झालं की ती आपोआप लागते. त्यामुळं नव्या गाडीत इंजिन बंद असताना लाईट नाही म्हणून ती एसीच, असं समजू नका. तिथं खरं उत्तर मीटर (मल्टिमीटर) देतो. इंजिन चालू ठेवून बल्बच्या कप्लरवर, म्हणजे बल्बच्या मागं वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटवर, मीटर आधी डीसीवर लावा, मग एसीवर. डीसीवर १२ ते १४ च्या घरात स्थिर आकडा आला तर डीसी. डीसीवर फुटकळ काहीतरी आणि एसीवर भरीव आकडा, तर एसी.

इंजिन चालू ठेवून काम करताना गाडी अंगणात घ्या. बंद पडवीत धूर कोंडतो, आणि तो धूर विषारी असतो.

हत्यारं

पेचकस, ८ आणि १० नंबरचा पान्हा, पक्कड, जुना दातांचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा, पेट्रोलियम जेली, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी), पाऊण ते एक चौरस मिलिमीटर जाडीची थोडी वायर. साधा डिजिटल मीटर. कप्लर सुटा करण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कुठली वायर कुठं होती हे अर्ध्या तासानं आठवत नाही.

या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, त्याला दोन हातभर वायरी जोडा, टोकांना मगरचिमटे लावा. झाला टेस्ट लॅम्प. मीटर असताना हा कशाला, असं विचाराल, तर त्याचं कारण माझ्या त्या तुटक्या वायरीतच आहे. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळं वायरीची टोकं गंजातून केसभर जरी टेकलेली असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो, ‘इथवर सगळं ठीक आहे.’ पण ३५ वॅटच्या बल्बला सुमारे ३ अँपिअर लागतात, ६० वॅटच्या एच-४ बल्बला ५. तेवढा करंट त्या गंजलेल्या टेकणीतून जाऊ शकत नाही. टेस्ट लॅम्प करंट ओढतो, म्हणून तो मिणमिणतो आणि खोटं उघडं पाडतो. म्हणूनच सांगतो, हेडलाईटचा कुठलाही जोड तपासायचा तो त्यातून करंट वाहत असताना. रिकाम्या वायरीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

काहीही खोलण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा

लक्षणं नीट पाहिली तर निम्मं काम होतं. अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करा, इंजिन सुरू करा आणि एकेक गोष्ट करून बघा.

फक्त अप्पर (लांबचा उजेड) लागते आणि डिपर (जवळचा, खाली पडणारा उजेड) लागत नाही, किंवा उलट. इथं त्या बाजूची फिलामेंट गेलेली असण्याचा संभव सगळ्यात जास्त. त्यानंतर संशय डिपरच्या बटणावर.

दोन्ही लागत नाहीत. मग पास लाईटचं, म्हणजे दाबलं तेवढा वेळ अप्पर झळकवणारं बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत पास लाईटला करंट हेडलाईटच्या आणि डिपरच्या बटणाला वगळून वेगळ्या वाटेनं येतो. पास दाबल्यावर अप्पर झळकली, तर बल्बची ती फिलामेंट, अप्परची वायर आणि अर्थ (करंटची चेसिसमार्गे परतीची वाट) हे तिन्ही एका झटक्यात निर्दोष ठरतात. दोष हँडलवरच्या बटणात किंवा त्याच्या अलीकडं. हे मला फार उशिरा कळलं, आणि आता कुठलीही गाडी समोर आली की मी आधी पास दाबतो.

हँडल वळवताना लाईट झपकते, तर मानेपाशीची वायर. खड्ड्यात गचका बसला की झपकते, तर कप्लर किंवा होल्डर सैल. इंजिन गरम होऊन वीस मिनिटं झाली की मंद होते आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा चांगली, तर कुठला तरी जोड तापतोय. बल्ब खरोखरच पुन्हापुन्हा उडतायत, फिलामेंट तुटलेली डोळ्यांना दिसते, तर रेग्युलेटरकडं बघायचं. त्याचं पुढं सांगतो.

आणि एक विचित्र लक्षण, जे नवशिक्याला हमखास चकवतं. डिपर लावलाय, हेडलाईट अंधारी, पण गाडीच्या स्पीडोमीटरमधला अप्परचा निळा दिवा मात्र पेटलेला. याचं कारण अर्थ तुटलेला असतो. बल्बच्या दोन्ही फिलामेंटचं एक टोक समाईक असतं आणि ते अर्थला जोडलेलं असतं. तो अर्थ सुटला की डिपरच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो अप्परच्या फिलामेंटमधून उलटा जातो आणि निळ्या दिव्यातून अर्थ शोधतो. तो दिवा छोटा असल्यामुळं एवढ्याशा करंटवर पेटतो, हेडलाईटला मात्र तो पुरत नाही. हे लक्षण दिसलं तर बटण, फ्यूज काही उघडू नका. सरळ अर्थची वायर धरा.

बल्ब आणि कप्लर

डूमचे, म्हणजे काच आणि रिफ्लेक्टर असलेल्या हेडलाईटच्या भांड्याचे, दोन स्क्रू काढले की बहुतेक कम्युटर गाड्यांत डूम पुढं येतो. मागचं रबरी बूट ओढा, कप्लर सरळ मागं ओढा. वायर धरून ओढू नका, कप्लरचं अंग धरा. लाईट नुकतीच चालू असेल तर बल्ब थंड होऊ द्या. हॅलोजन बल्ब चटका देतो. काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तिथं काच जास्त तापते आणि बल्बचं आयुष्य घटतं. चुकून लागलंच तर स्पिरिट लावलेल्या स्वच्छ कापडानं पुसा.

फिलामेंट डोळ्यांनी बघा. तुटलेली असेल तर दिसते. काच आतून दुधी झाली असेल तर हवा शिरली, बल्ब गेला. मीटर ओहमवर ठेवून बघितलं तर थंड फिलामेंट एक ओहमपेक्षाही कमी दाखवते. ‘शॉर्ट झाला’ म्हणून घाबरू नका, ते बरोबर असतं. तापल्यावर तीच चार ओहमच्या आसपास जाते.

आता कप्लर उजेडात धरा. माझ्या अनुभवात लाईटच्या दुखण्याचं घर बहुतेक वेळा इथंच असतं. तीन चपट्या पिनांच्या जागांपैकी एखादीभोवती प्लास्टिक तपकिरी झालेलं, वितळलेलं, किंवा पितळ काळं पडलेलं दिसेल. कधी हिरवी कीड दिसेल, म्हणजे पाणी शिरलेलं. पिन आत घातल्यावर पकड घट्ट वाटली पाहिजे. सैल असली तर ठिणगी पडते, ठिणगीनं काजळी धरते, काजळीनं आणखी तापतं.

हा ताप किती असतो त्याचा हिशोब सांगतो, कारण तो कळला की सैल जोडाची भीती वाटायला लागते. ३५ वॅटच्या बल्बच्या वाटेत अर्ध्या ओहमचा खराब जोड आला, तर साधारण १.३ व्होल्ट त्या जोडावरच खर्च होतात आणि बल्बला १२ ऐवजी १०.७ च्या आसपास मिळतात. व्होल्टेज एवढंच घटलं तरी उजेड जवळजवळ एक तृतीयांशानं कमी होतो, कारण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगानं पडतो. आणि त्या नखाएवढ्या पितळी पट्टीवर तीन-साडेतीन वॅट उष्णता सतत तयार होत राहते. प्लास्टिक वितळणार नाही तर काय.

कप्लर नुसता मळलेला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ब्रशनं घासा, बल्बच्या पिना पॉलिश पेपरनं हलक्या हातानं चमकवा. सैल असेल तर मागून बारीक पेचकस घालून टर्मिनलची जीभ दाबली की टर्मिनल मागं सरकतं. ते बाहेर काढून त्याच्या दुमडलेल्या कडा पक्कडीनं अगदी थोड्या आवळा आणि टक्क आवाज होईपर्यंत परत बसवा. वितळलेला असेल तर त्याच्यावर वेळ घालवू नका. नवा घ्या. एच-४ च्या गाड्यांसाठी चिनी मातीचा होल्डर मिळतो, तो उष्णता चांगली सोसतो. दुकानात जुना कप्लर हातात घेऊन जा, तोंडी वर्णनावर भलताच पदरात पडतो.

आता मोजमाप

कप्लर परत बल्बला लावा, लाईट चालू करा, आणि लाईट चालू असतानाच मागच्या बाजूनं वायरीच्या शेजारून मीटरची टोकं आत सरकवा. आधी डीसीच्या गाड्यांचं सांगतो.

पहिलं माप बॅटरीच्या दोन टोकांवर. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते. इंजिन पिळल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. समजा आला १३.८. तो कागदावर लिहा.

दुसरं माप बल्बच्या चालू पिनेवर आणि अर्थच्या पिनेवर, इंजिन त्याच वेगात ठेवून. इथं १३ च्या वर मिळालं तर वाट चांगली आहे. १२ मिळाला तर वाटेत कुठंतरी १.८ व्होल्ट खाल्ले जातायत.

ते कुठं खाल्ले जातायत हे शोधायची पद्धत सोपी आहे आणि तिच्यात मला नेहमी मजा येते. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक बल्बच्या अर्थच्या पिनेला, लाईट चालू. इथं जवळजवळ शून्य यायला हवं, ०.२ पर्यंत चालेल. अर्धा किंवा एक व्होल्ट आला तर अर्थ खराब. मग लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळं बल्बच्या चालू पिनेला. इथं अर्ध्या व्होल्टपर्यंत मी सोडून देतो, कारण करंट किल्लीच्या स्विचमधून, फ्यूजमधून, बटणातून इतका लांब फिरून आलेला असतो. त्याहून जास्त असेल तर वाट निम्म्यावर तोडत जा: किल्लीच्या स्विचच्या आधी आणि नंतर, डिपरच्या बटणाच्या आधी आणि नंतर. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उडी मारतो, तिथं चोर.

एसीच्या गाडीत हेच माप मीटर एसीवर ठेवून, इंजिन एका वेगात ठेवून घ्यायचं. तिथं करंट बॅटरीतून येत नाही, म्हणून वाट रेग्युलेटरपासून धरायची. स्वस्त मीटरवर आकडा थोडा नाचतो, तर नेमक्या आकड्याच्या मागं लागू नका. रेग्युलेटरकडच्या टोकाचा आणि बल्बकडच्या टोकाचा फरक बघा. बऱ्याच एसी गाड्यांत हेडलाईटच्या वाटेत फ्यूजच नसतो, त्यामुळं फ्यूज शोधत बसू नका.

वायरीच्या रंगांबद्दल एवढंच सांगतो की होंडाच्या आणि जुन्या हिरो होंडाच्या गाड्यांत सहसा हिरवी अर्थ, निळी अप्पर, पांढरी डिपर असते. बजाजमध्ये अर्थ बहुधा काळी-पिवळी. पण दहा वर्षांच्या गाडीला कुणाकुणाचे हात लागलेले असतात. रंगावर जाऊ नका, मीटरवर जा.

चोर सापडल्यावर

अर्थ असेल तर ती वायर जिथं चेसिसला बोल्टनं आवळलेली आहे तिथं जा. बोल्ट काढा, गोल टर्मिनल आणि त्याखालची चेसिसची जागा दोन्ही पॉलिश पेपरनं धातू चमकेपर्यंत घासा. पुष्कळदा गाडी रंगवताना या जागेवर रंग चढलेला असतो, आणि रंगातून करंट जात नाही. खानापूरकडची तांबडी माती पाण्याबरोबर इथं जाऊन बसते, तीही खरवडा. घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावा.

डिपरचं बटण असेल तर लगेच खोलू नका. आधी फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि बटण पन्नास वेळा इकडंतिकडं करा. निम्म्या वेळा एवढ्यानं भागतं. खोलायचंच झालं तर खाली पांढरं कापड अंथरा. आत हरभऱ्याहून बारीक गोळी आणि स्प्रिंग असते. ती उडाली की अंगणात सापडत नाही. ग्रीस लावताना हात आखडता घ्या, कॉन्टॅक्टवर चिकट थर बसला की धूळ धरतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या परिसरात रोज गाडी उभी करणाऱ्यांच्या बटणात बारीक वाळू असतेच असते, त्यांनी वर्षातून एकदा सफाई करून घ्यावी.

मानेपाशीची वायर असेल तर काम जरा नाजूक आहे. टेस्ट लॅम्पचं एक टोक कप्लरच्या चालू पिनेवर, दुसरं चेसिसवर लावून लाईट चालू ठेवा आणि एकेक वायर चिमटीत धरून इंचाइंचानं दुमडत जा. लॅम्प जिथं विझतो तिथं तूट. ती वायर हाताला लिबलिबीत लागते, कारण आत तांब्याचा कणा उरलेला नसतो. कापण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. आणि हे लक्षात असू द्या, बॅटरी सुटी असताना इंजिन कधीही सुरू करायचं नाही, रेग्युलेटरला आणि बाकीच्या इलेक्ट्रॉनिक सामानाला ते सोसत नाही.

खराब तुकडा दोन्हीकडं चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा. हिरवी पडलेली तार ठेवू नका, तिच्यावर डाग द्यायचं (सोल्डरिंगचं) शिसं धरत नाही. मध्ये नवी वायर घालायची ती अशी की दोन्ही जोड मानेच्या वळणापासून दूर येतील. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण इथं सगळे चुकतात. डाग दिलेली वायर तेवढ्या भागात कडक होते, आणि वळणावर कडक झालेली वायर डागाच्या कडेशी पुन्हा तुटते. वळणात फक्त अखंड, मऊ वायर असावी. जोडण्याआधी हीट श्रिंक स्लीव्ह वायरीवर ओवून ठेवा. जोड झाल्यावर स्लीव्ह आठवली तर पुन्हा कापावं लागतं. तारा एकमेकींत गुंफून पीळ द्या, डाग द्या, थंड होऊ द्या, स्लीव्ह सरकवून गरम करा. नुसत्या काळ्या टेपवर भरवसा ठेवू नका. आपल्याकडच्या दोन पावसांत टेपचा डिंक सुटतो आणि आत पाणी साठतं. शेवटी हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा, वायर कुठं ताणली जात नाही ना.

बल्ब खरंच उडत असतील तर बॅटरीवर मीटर लावून इंजिन पिळा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर करंट आवरत नाहीये. आधी त्याची अर्थ आणि त्याचा कप्लर वरच्यासारखा साफ करा. तरीही आकडा खाली येत नसेल तर रेग्युलेटर बदला. एसीच्या हेडलाईटचं नियमन वेगळं चालतं, तिथं बल्बवरचं एसी माप बघा.

पावसाची तजवीज

कप्लर लावताना पिनांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, रबरी बूट नीट बसवा. वायर कप्लरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या. वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी थेंब होऊन गळून जातं, आत जात नाही. डूमच्या तळाला बारीक भोक असतं ते पिनेनं मोकळं करा. पाणी येऊ नये म्हणून सगळीकडं सिलिकॉन भरणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण आत गेलेली वाफ मग बाहेर पडत नाही आणि रिफ्लेक्टरचा मुलामा उडतो. गाडी धुताना प्रेशरचा फवारा डूमच्या मागं मारू देऊ नका.

जास्त वॅटचा बल्ब, एलईडी वगैरे

मंद लाईटवर उपाय म्हणून १०० वॅटचा बल्ब घालू नका. तुमचा जोड ३ किंवा ५ अँपिअरमध्ये तापत होता, तो ८ मध्ये जळेल. डीसीच्या गाडीत जोड सगळे चांगले असूनही वाट लांब असल्यामुळं व्होल्टेज पडत असेल, तर रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घालून बॅटरीतून फ्यूजसह सरळ जाड वायर आणणं हा बरा उपाय आहे. एसीच्या गाडीत साधा डीसी रिले चालत नाही, तो थरथरतो. हॅलोजनच्या डूममध्ये बाजारातला एलईडी बल्ब घातला तर बहुतेकदा उजेड सैरावैरा पसरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. गोव्याकडं जाणाऱ्या अरुंद चोर्ला रस्त्यावर वळणावर समोरचा आंधळा झाला तर तो आपल्याच अंगावर येणार. एसीवर असे बल्ब फडफडतात ते वेगळंच. कंपनीनंच एलईडी दिलेली गाडी असेल तर आतलं युनिट उघडू नका, बाहेरचा कप्लर आणि अर्थ एवढंच आपलं काम.

गॅरेजला न्यायची वेळ आली तर ‘लाईट बघा’ एवढं सांगू नका. ‘पास लागते, डिपर लागत नाही’, ‘अर्थवर एक व्होल्ट दाखवतोय’ असं नेमकं सांगा, म्हणजे कुणी उगाच बल्ब बदलणार नाही. हुक्केरी, गोकाककडं मिस्त्रीला मराठी येतच असेल असं नाही, तर कन्नडमध्ये ‘लाईट बरवल्दु’ (लाईट येत नाही) म्हणा. कप्लर, डिपर, अर्थ हे शब्द गाडी केए-२२ असो की एमएच-०९, सगळीकडं चालतात.

शेवटी फोकस. डूम काढला की तो हमखास हलतो. सपाट जागी भिंतीपासून साताठ पावलांवर गाडी उभी करा, स्टँडवरून काढून कुणालातरी सीटवर बसवा. भिंतीवर बल्बच्या उंचीला खडूनं रेघ मारा. डिपरचा उजेडाचा माथा त्या रेघेच्या थोडा खाली पडला पाहिजे. मग स्क्रू आवळा.

दोनतीन दिवसांनी, अर्धा तास रात्रीची गाडी चालवून घरी आलात की इंजिन बंद करून लगेच डूमच्या मागं हात घाला आणि कप्लरच्या वायरीकडच्या बाजूला बोट टेकवा. कोमट लागेल, बल्ब शेजारीच असतो. पण टर्मिनलपाशी बोट ठेवता येत नाही इतकी वायर तापली असेल, तर जोड अजून सैल आहे. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडा.